आयबीटी शाळेत आणताना: वर्कशॉप उत्तम, पण ते गणिताच्या वहीत उतरतं का?

आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस वर्कशॉपमध्ये नेणारा ‘मूलभूत तंत्रज्ञान परिचय’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला आयबीटी, शाळेत घ्यावा का? संस्थाचालकांच्या बैठकीत हा विषय निघाला की पालक प्रतिनिधीची शंका ठरलेली असते: याने दहावीचे मार्क वाढतील का? दुसरी शंका गणिताच्या शिक्षकांची, आणि ती जास्त रास्त आहे: माझे तास कापले जाणार, ते कुठून भरून काढायचे? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी दडलेलं आहे, म्हणून हे परीक्षण त्याच अंगाने केलं आहे.

निकाल आधी सांगून टाकू. कार्यक्रम चांगला आहे आणि घ्यावा. हाताला वळण, मोजमापाची शिस्त, हिशेबाची सवय, अनोळखी माणसाशी कामाचं बोलण्याची तयारी हे सगळं तो देतो. मार्क मात्र तो आपोआप वाढवत नाही. वर्कशॉपमध्ये झालेलं काम दुसऱ्या दिवशी गणित-विज्ञानाच्या तासाला फळ्यावर आलं, तरच अभ्यासात फरक पडतो. बहुतेक शाळा नेमका हाच दुवा विसरतात आणि मग तीन वर्षांनी “मुलं रमली, पण निकालात काही दिसलं नाही” असं म्हणतात.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळला गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकणं ही माणसाची नैसर्गिक रीत आहे, शाळेने ती मोडू नये, ही त्यांची भूमिका. १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीमशी (हस्तोद्योगातून शिक्षण, ही गांधीजींची कल्पना) त्याचं नातं उघड आहे, पण कलबागांचा भर एका हस्तोद्योगावर नव्हता. एकाच मुलाला चार क्षेत्रांतली तोंडओळख हवी, असं त्यांचं म्हणणं. त्यातून आयबीटीचे चार विभाग आले: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. पुढे शालान्त परीक्षा मंडळाची विषय म्हणून मान्यता मिळाली, लेंड-अ-हँड-इंडियासारख्या संस्थांनी हे काम अनेक शाळांत पोहोचवलं आणि आज सरकारी शाळांत हेच रूप ‘मल्टी स्किल’ या नावाने व्यवसाय शिक्षणाच्या योजनेत दिसतं.

दिवसाची रचना साधी आहे. चाळीसचा वर्ग असेल तर वीस-वीसच्या दोन तुकड्या करतात, एक तुकडी एका विभागात, दुसरी दुसऱ्यात. काही आठवड्यांनी विभाग बदलतात. निदेशक गावातलेच असतात: वेल्डर, वायरमन, शेतकरी, आरोग्याचं काम केलेली ताई. मुलं मानधनावर आलेल्या या माणसांकडून प्रात्यक्षिक शिकतात, वहीत कृती, आकृती आणि खर्च लिहितात. शिवाय ‘लोकोपयोगी सेवा’ नावाचा भाग असतो. शाळेचे बाक दुरुस्त करणं, कुणाच्या घरचं स्टँड करून देणं, अंगणवाडीची वायरिंग तपासणं अशी खरी कामं मुलं दर लावून करतात. कार्यक्रमातला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि जिथे निदेशकाला घाई असते तिथे सर्वात आधी कात्रीही यालाच लागते.

मार्कांशी संबंध कुठे येतो, ते एका साध्या स्टँडवरून नीट दिसतं. पाण्याच्या पिंपासाठी एक इंची, ३ एमएम जाडीच्या अँगलचं, म्हणजे काटकोनात वळलेल्या लोखंडी पट्टीचं स्टँड घ्या. वरची चौकट ४० बाय ४० सेंटिमीटर, चार पाय ४५ सेंटिमीटरचे, खाली चार आडवे. नववीचा मुलगा पहिल्या झटक्यात सगळे आडवे ४० चे कापतो. खालचे आडवे पायांच्या आत बसतात. दोन्ही बाजूंनी अँगलची ३-३ एमएम जाडी वजा करून ते ३९.४ चे हवेत. ४० चे ठोकून बसवले की पाय बाहेर फाकतात आणि स्टँड जमिनीवर डुगडुगतं. निदेशकाने चूक आधीच सांगून टाकली तर मुलगा नुसतं ऐकतो. स्टँड डुगडुगू दिलं, मग टेप हातात देऊन कारण शोधायला लावलं, तर ‘आतलं माप, बाहेरचं माप’ त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

जोडणीतही असंच आहे. एक कोपरा पूर्ण वेल्ड करून पुढे गेलं की तापलेला धातू थंड होताना ओढला जातो आणि चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहत नाही. म्हणून चारही कोपरे आधी टाके मारून धरायचे, दोन्ही कर्ण मोजायचे आणि ते सारखे आले की समोरासमोरचे कोपरे पक्के करायचे. ४० च्या चौकटीचा कर्ण ५६.६ सेंटिमीटर. दहावीच्या भूमितीतलं पायथागोरसचं प्रमेय इथे टेपवर वाचता येतं. एक कर्ण ५६.१ आणि दुसरा ५७.१ आला तर चौकट कोणत्या बाजूला झुकली आहे, हे मुलाला बोट दाखवून सांगता यायला हवं. वेल्डिंगचं प्रमाण: इतक्या पातळ अँगलला २.५ एमएमचा रॉड आणि ७०-८० अँपिअर पुरे. अँपिअर जास्त ठेवले की भोक पडतं, फार कमी ठेवले की रॉड चिकटतो. मुलांच्या हातून होणाऱ्या वेल्डिंगच्या चुकांत या दोनच सर्वाधिक.

आता खर्च. इथेच घोडं पेंड खातं, म्हणून जरा सविस्तर. अँगलचं दर मीटर वजन तराजूशिवाय काढता येतं. दोन्ही बाजू २५-२५ एमएम, त्यातून एकदा जाडी वजा: २५ अधिक २५ वजा ३, म्हणजे ४७. त्याला ३ ने गुणा, काटछेद १४१ चौरस एमएम. पोलादाची घनता ७,८५० किलो प्रति घनमीटर धरली की मीटरला सुमारे १.१ किलो. दुकानात ६ मीटरची पूर्ण लांबी मिळते, म्हणजे ६.६४ किलो. स्टँडला चार ४० चे, चार ३९.४ चे आणि चार ४५ चे तुकडे, बेरीज ४९७.६ सेंटिमीटर. बारा कापांना प्रत्येकी २ एमएम धरले तर आणखी २.४. एकूण बरोबर ५ मीटर, उरला १ मीटर. भाव समजा ७० रुपये किलो धरला तर पूर्ण लांबीचे ४६५ रुपये, वापरलेल्याचे ३८७, उरलेल्याचे ७८.

वहीत बहुतेक मुलं ३८७ लिहून पुढे जातात आणि गल्ल्यात ७८ रुपये कमी का पडले ते त्यांना कळत नाही. तो उरलेला मीटर कोपऱ्यात पडून गंजला तर तो स्टँडच्याच खर्चात गेला. रंग मारून, लेबल लावून ठेवला तर तो साठा. हा फरक समजलेलं मूल पुढे अकरावीला वाणिज्य घेतं तेव्हा ‘शिल्लक माल’ हा शब्द त्याला परका वाटत नाही. स्टँडच्या खर्चात रॉड, रेड ऑक्साइड, रंग, वीजही धरायची. ८५० वॅटचा ग्राइंडर वीस मिनिटं चालला तर ०.२८ युनिट. मजुरी शेवटी आणि वेगळी. मजुरी लावायची राहूनच जाते, कारण “शाळेतलं काम आहे” असं मुलांना वाटतं. ती लावायला लावा. कामाला दाम असतो, हे शिकवण्याची ही हक्काची जागा आहे.

या एका स्टँडमध्ये एकक बदलणं, दशांश अपूर्णांक, शेकडेवारी, घनता, पायथागोरस आणि हिशेबठेव आली. तरीही गणिताच्या चाचणीत तोच मुलगा ‘२५ मिमी म्हणजे किती मीटर’ या प्रश्नावर अडखळतो, हे शिक्षकांना चांगलंच माहीत आहे. एका ठिकाणी वापरलेलं ज्ञान दुसरीकडे आपोआप जात नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटातल्या मुलांना पट्टीवर वस्तूची लांबी मोजायला दिली होती. वस्तू शून्यावर ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्क्यांनी बरोबर सांगितली, वस्तू शून्यापासून पुढे सरकवली तेव्हा फक्त ३९ टक्क्यांनी. टोक झिजलेला टेप हातात आला की वर्कशॉपमध्ये दहापासून मोजावं लागतंच, तेव्हा हे कौशल्य तिथे रोज लागतं. पण ‘आपण आता वजाबाकी केली’ हे कुणीतरी मोठ्याने म्हणावं लागतं. निदेशक ते म्हणत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. ते गणिताच्या शिक्षकाचं काम आहे.

याला संशोधनाचाही आधार आहे. संशोधक जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सामाजिक-भावनिक कौशल्यं शिकवणाऱ्या २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात २,७०,०३४ मुलं होती. अभ्यासातली सरासरी वाढ ११ पर्सेंटाइल निघाली, म्हणजे शंभरात मधोमध असलेलं मूल साधारण एकसष्टाव्या जागी. ज्या अभ्यासांत मार्क मोजले होते ते त्या मानाने थोडे, म्हणून हा आकडा पोस्टरवर छापायच्या लायकीचा नाही. त्यातली दुसरी गोष्ट मात्र प्रत्येक मुख्याध्यापकाने लक्षात ठेवावी: शाळेच्याच शिक्षकांनी कार्यक्रम चालवला तेव्हाच अभ्यासात लक्षणीय सुधारणा दिसली. बाहेरच्या माणसांनी चालवलेल्या कार्यक्रमांतून मुलांना इतर फायदे झाले, मार्कांपर्यंत ते पोहोचले नाहीत. चांगल्या कार्यक्रमाची लक्षणंही त्या आढाव्यात स्पष्ट आहेत: पायरीपायरीने क्रम, प्रत्यक्ष कृती, त्यासाठी राखून ठेवलेला वेळ आणि काय शिकवतो आहोत याची स्पष्टता. आयबीटी पहिल्या तिन्हींत सहज पास होतो, चौथ्यात नापास होण्याची शक्यता मोठी, कारण ‘आज स्टँड केलं’ एवढंच वहीत उरतं.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या करिअर अॅकॅडमी या शालेय व्यवसाय कार्यक्रमाचा. नऊ माध्यमिक शाळांत चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली गेली, त्यामुळे तुलना चोख झाली. परीक्षेच्या गुणांत फरक पडला नाही. शाळा संपल्यावरच्या आठ वर्षांत मात्र या मुलांची वार्षिक कमाई इतरांपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी जास्त राहिली. म्हणून पालकांना आयबीटी ‘मार्क वाढवणारा’ म्हणून विकणं अप्रामाणिक आहे. तो कशासाठी आहे ते खरं सांगावं आणि मार्कांचं काम शाळेने आपल्या अंगावर घ्यावं.

ते कसं करायचं, याची रीत अवघड नाही. वर्कशॉपचा दिवस बुधवार असेल तर गुरुवारच्या गणिताच्या तासातली पहिली पंधरा मिनिटं त्यासाठी ठेवा. निदेशकाने बुधवारी संध्याकाळी एक कागद द्यायचा: काय केलं, कोणती मापं घेतली, कुठे चुकलं. शिक्षकाने त्यातून दोन उदाहरणं फळ्यावर घ्यायची, एक तेच आकडे असलेलं, दुसरं आकडे बदललेलं. तिसरं, पाठ्यपुस्तकातलं, घरी. खर्चपत्रकाची वही गणिताच्या शिक्षकाने तपासायची, निदेशकाने नाही. त्यातली गणितं अंतर्गत मूल्यमापनात धरायची. दहावीला गणिताच्या दोन्ही भागांची लेखी परीक्षा ४०-४० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० चं असतं, त्यात या कामाला रीतसर जागा करता येते. विज्ञानाच्या शिक्षकांसाठी हे आणखी सोपं, कारण प्रात्यक्षिकाची वही त्यांच्याकडे असतेच.

शेती-पशुपालन विभाग मार्कांच्या दृष्टीने वर्कशॉपइतकाच कसदार आहे, पण त्याचा उपयोग सर्वात कमी होतो. दोन उदाहरणं पुरेशी आहेत. बियाण्याची उगवण चाचणी: ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ओळीत मांडायचे, गुंडाळी करून ओलं ठेवायचं, पाच ते सात दिवसांनी कोंब मोजायचे. ऐंशी उगवले. आता पेरणीला बियाणं किती जास्त घ्यायचं? वर्गातली बहुतेक मुलं “वीस टक्के” म्हणतात. एकशेवीसाचे ऐंशी टक्के शहाण्णवच होतात. हवेत सव्वाशे, म्हणजे पंचवीस टक्के जास्त. शेकडेवारीत ‘कशाचे टक्के’ हा प्रश्न विचारायची सवय या एका गोणपाटाने लागते आणि चक्रवाढ व्याज-सवलतीच्या गणितांत ती कामी येते.

दुसरं, टेपने जनावराचं वजन. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८४०, उत्तर किलोत. घेर १५० आणि लांबी १३० असेल तर सुमारे २७० किलो. टेप सैल धरल्याने घेर पाच टक्क्यांनी जास्त आला, तर वजन सुमारे २९७ दाखवतं, दहा टक्क्यांहून थोडं जास्त. असं का, याचं उत्तर बेरजेच्या वर्गाच्या विस्तारसूत्रात आहे. ‘हे सूत्र शिकून करायचं काय’ असं विचारणाऱ्या मुलाला गोठ्यात घेऊन जावं. जंताच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे चूक कुठे महागात पडते तेही तिथल्या तिथे कळतं.

ऊर्जा-पर्यावरणात वायरिंगचा बोर्ड, वीजबिल, प्लेन टेबलने (तिवईवरच्या सपाट फळ्यावर जागेवरच मोजणी करून) शाळेच्या आवाराचा नकाशा, शोषखड्डा. नकाशा उत्तम, कारण समरूप त्रिकोण आणि प्रमाण त्यात जिवंत होतात. १ सेंटिमीटरला २ मीटर प्रमाण घेऊन आवाराला पूर्ण फेरी मारली की शेवटचा बिंदू पहिल्यावर यायला हवा. तो येत नाही. किती चुकला ते मोजा, कारण शोधा. बहुतेक वेळा टेबल समतल नसतं किंवा जागा बदलताना दिशा परत जुळवलेली नसते.

गृह-आरोग्यात चिक्की, जॅम, पोषणाचा हिशेब आणि रक्त तपासणी. हिमोग्लोबिनबद्दल सावध सूचना. पालकांची लेखी संमती, प्रत्येकाला नवी सुई, वापरलेली सुई टोचणार नाही अशा कडक डब्यात, आणि आरोग्य सेविका हजर. यातलं एकही नसेल तर तो प्रयोग करूच नका. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींत हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय धरतात. आकडे नावाशिवाय गणिताच्या वर्गात न्या: मध्य, मध्यक, वर्गांतर सारणी, सगळं त्यातून होतं. फळ्यावर नावांसकट यादी लागली की मुली पुढच्या वेळी गैरहजर राहतात.

आता त्रुटी. सर्वात मोठी त्रुटी वेळापत्रकातच आहे. आठवड्यातून एक दिवस ही रचना वेल्डिंगला चालते, सिमेंटला आणि रोपांना चालत नाही. फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेली, टाकी किंवा पत्रा घ्या: वेल्डमेश आणि चिकन मेश, एक भाग सिमेंट तीन भाग वाळू, ५० किलोच्या गोणीला २० ते २२ लिटर पाणी, जाडी २५ एमएम. कृती मुलांना झकास जमते. पण त्यानंतर किमान सात दिवस, शक्यतो चौदा, पाणी मारावं लागतं. बुधवारी थापलेल्या टाकीला गुरुवार ते मंगळवार पाणी कोण मारणार? कुणीच मारत नाही, बारीक चिरा पडतात, टाकी पाझरते आणि मग “पोरांचं काम म्हणून असं” असं म्हणून मोकळं व्हायचं. दोष मुलांचा नाही. प्रत्येक तुकडीतून दोन-दोन जणांची रोजची पाळी लावा, सकाळी प्रार्थनेआधी आणि शाळा सुटताना, वर ओलं गोणपाट झाका. रोपवाटिका आणि कोंबड्यांचंही तेच. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीची पाळी आधी ठरली नसेल, तर कोंबड्या आणूच नका.

जिथे मिश्रण करायचं तिथे मुलं पाणी डोळ्याने घालतात, कारण पातळ माल थापायला सोपा जातो. जास्त पाण्याने ताकद घटते. बादलीवर लिटरची खूण करून द्या, त्याने निम्मे प्रश्न सुटतात.

दुसरी त्रुटी शाळा स्वतः तयार करतात: ‘ढ’ मुलांना आयबीटी आणि हुशारांना जादा तास. असं झालं की वर्कशॉप शिक्षेची जागा बनते आणि गणिताचा शिक्षक तिकडे फिरकत नाही. मग दुवा जोडायला उरतंच कोण? पूर्ण वर्ग घ्या, नाहीतर घेऊ नका. मुलींना गृह-आरोग्य आणि मुलांना वेल्डिंग अशी वाटणीही सर्रास दिसते, आणि ती कार्यक्रमाच्या गाभ्यालाच धक्का देते. चारही विभाग सगळ्यांना, फिरत्या पाळीने. ओढणी बांधून, केस वर घेऊन, सुती कपड्यात मुली उत्तम वेल्डिंग करतात.

तिसरी, निदेशकांचं मानधन. ते वेळेवर मिळालं नाही की चांगला वेल्डर पहिल्या बांधकामाच्या हंगामात निघून जातो आणि वर्षाच्या मध्यात नवा माणूस येतो, ज्याला मुलं शिकवायची सवय नसते. लोकोपयोगी सेवांचं उत्पन्न या खर्चाला हातभार लावतं, पण तो पगाराचा आधार मानू नका. कामं वाढवली की मुलं स्वस्त मजूर होतात. सेवेचं काम शिकण्याच्या क्रमात बसत असेल तरच घ्यायचं, ही रेघ मुख्याध्यापकांनी ओढायची.

सुरक्षेवर तडजोड नाही. वर्कशॉपच्या वीजपुरवठ्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), तपासलेलं अर्थिंग, वेल्डिंगला १० किंवा ११ नंबरची काच, चामड्याचे हातमोजे, ग्राइंडरला गार्ड आणि गॉगल. आठवीला करवत, कानस, ड्रिल आणि मापं पुरेत. वेल्डिंग नववीपासून आणि एका वेळी एकच मूल, बाकीची पडद्यामागे. विहिरीकडेच्या उघड्या शेडमध्ये पावसाळ्यात वेल्डिंग होताना दिसतं, ते ताबडतोब बंद व्हायला हवं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातल्या सहावी ते आठवीच्या दहा दप्तराविना दिवसांशी याची तुलना होते, पण ती योग्य नाही. दहा दिवसांत कुंभार, सुतार, नर्सरी पाहून मुलांना गोडी लागते, आणि तेवढ्यापुरतं ते छान आहे. हातात कसब यायला आणि गणिताशी सांधा जुळायला वर्षभराची आवर्तनं लागतात. एकाच व्यवसायाचा विषय, उदाहरणार्थ ऑटोमोबाइल किंवा ब्युटी-वेलनेस, शहरी शाळेत जागेच्या अडचणीमुळे सोयीचा पडतो. गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी आवार आणि थोडी शेतजमीन असेल तर आयबीटीच सरस.

दहावीचं काय? विषय बोर्डाला बसवलेला असेल तर जानेवारीपर्यंत प्रात्यक्षिकं संपवून त्यानंतर तो दिवस उजळणीला देण्यात काही गैर नाही. मूळ मेहनत आठवी-नववीत व्हायला हवी. नुसत्या दहावीपासून सुरू करणाऱ्या शाळेत हा कार्यक्रम रुजत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

पुढच्या जूनला सुरू करायचं ठरत असेल तर डिसेंबरात गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना चालू आयबीटी शाळेत पूर्ण एक दिवस पाठवा, ट्रस्टींना नंतर. तिथे यंत्रं पाहू नका, मुलांच्या वह्या मागा आणि त्यात गणिताच्या शिक्षकाची सही शोधा. फेब्रुवारीत निदेशक निवडा, मेमध्ये त्यांचं प्रशिक्षण होऊ द्या. पहिल्या खरेदीत वेल्डिंग मशीनआधी वीस स्टीलचे टेप, दहा गुण्या, दोन वजनकाटे आणि एक व्हर्निअर कॅलिपर घ्या. बाकी यंत्रं पहिल्या सत्राच्या खर्चपत्रकांवरून, काय खरंच वापरात येतं ते पाहून, दिवाळीनंतर घेतली तरी चालतात.